किल्ल्यांचा जुडगा आणि 'येस'चं बटण

कॉम्प्युटरवर काम चाललेलं असतं. मध्येच पडदा काळवंडतो आणि एक चौकट समोर येते. या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, असं ती विचारते. खाली दोन बटणं असतात, 'येस' आणि 'नो'. आपण काय करतो? लिफ्टमध्ये शिरल्यावर मजल्याचं बटण दाबावं तितक्याच सहजपणे 'येस' दाबतो. चौकटीत काय लिहिलंय ते वाचायची तसदीही घेत नाही.

मी सुरतेतल्याच एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात काम करते. त्यामुळे मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसाद हातात येण्याआधी कुणाचा तरी फोन हातात येतो: "अगं, जरा बघ ना, हा सारखा परमिशन मागतोय." या परवानगीच्या चौकटीबद्दल एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. तरुण मंडळींनी तर वाचावंच, कारण घरातला वायफायचा पासवर्ड, आईचा फोन आणि बाबांच्या दुकानातला कॉम्प्युटर या सगळ्याचा कारभार आता तुमच्याकडेच आहे.

आधी एक जुनी गोष्ट. ज्या काळात एक मोठा कॉम्प्युटर अनेकजण मिळून वापरत, त्या काळात युनिक्स नावाची कार्यप्रणाली तयार झाली. तिच्यात एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो, त्याला 'रूट' म्हणतात. त्याला काहीही करता येतं. कुणाचीही फाइल वाचणं, पुसणं, सगळी यंत्रणा बंद पाडणं, सगळं. बाकीच्यांना आपापल्या खोलीपुरता अधिकार. १९७५ साली साल्ट्झर आणि श्रोडर या एमआयटीच्या दोघा संशोधकांनी एका लेखात हे तत्त्व स्वच्छ मांडलं. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरताच, कमीत कमी अधिकार द्यावा. पुढे १९८०च्या सुमारास 'सुडो' नावाची सोय आली. रोजचं काम साध्या अधिकारात करायचं आणि गरज पडली तर त्या एका आज्ञेपुरती मोठी किल्ली घ्यायची. लिनक्स आणि मॅक वापरणाऱ्यांना ही सवय आजही आहे.

घरगुती कॉम्प्युटरचा प्रवास मात्र उलट झाला. तो एकाच माणसाचा म्हणून जन्माला आला, त्यामुळे बसणारा तोच मालक. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये कॉम्प्युटर सुरू करताना जी खाती तयार व्हायची, ती सरळ ॲडमिनिस्ट्रेटरची असत. म्हणजे घरातला आठवीतला मुलगा गेम खेळायला बसला तरी कमरेला तिजोरीसकट सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. आणि त्याने उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या कमरेलाही तोच जुडगा, कारण प्रोग्राम चालतो तो वापरणाऱ्याच्या अधिकाराने. व्हायरसला यापेक्षा सोपं काय हवं?

२००७ साली विंडोज व्हिस्टा घरोघरी आली आणि तिच्याबरोबर ही पडदा काळवंडणारी चौकट आली. तिचं नाव 'युजर अकाउंट कंट्रोल'. कल्पना हुशारीची होती. तुम्ही ॲडमिन असलात तरी विंडोज तुम्हाला आत घेताना दोन पास देते, एक साधा आणि एक पूर्ण अधिकाराचा. रोजचे सगळे प्रोग्राम साध्या पासवर चालतात. पूर्ण पास हवा असेल तर चौकट येते. त्या वेळी पडदा काळवंडतो तो शोभेसाठी नाही. ती चौकट वेगळ्या, राखीव पडद्यावर येते, म्हणजे मागे दडलेल्या एखाद्या प्रोग्रामला तुमच्या वतीने परस्पर 'येस' दाबता येऊ नये.

लोक वैतागले. जरा कुठे काही केलं की चौकट. ॲपलने तर आपल्या जाहिरातीत तिची यथेच्छ टिंगल केली. पण त्या वैतागाचा एक फायदा झाला. ज्या कंपन्यांचे प्रोग्राम कारण नसताना पूर्ण अधिकार मागायचे, त्यांच्याकडे तक्रारी जाऊ लागल्या आणि त्यांना आपले प्रोग्राम सुधारावे लागले. २००९च्या विंडोज ७पासून चौकट कमी वेळा येऊ लागली. तोवर आपल्याला मात्र न वाचता 'येस' दाबायची सवय लागून गेली होती.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. जून २०१७चे शेवटचे दिवस आठवतात का? १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता. जुलैमध्ये सुरतेच्या कापड बाजाराने त्याविरुद्ध मोठा संप केला, रिंग रोडवरची मार्केटं बंद राहिली. बाजारात तेव्हा दुसरा विषय नव्हता. त्यामुळे २७ जूनला आपल्यापासून फार लांब नसलेल्या न्हावा-शेवा बंदरात काय झालं, याकडे आपल्यापैकी फार थोड्यांचं लक्ष गेलं.

रायगड जिल्ह्यातलं हे जवाहरलाल नेहरू बंदर देशातलं मोठं कंटेनर बंदर आहे. तिथलं एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडून चालवलं जातं. त्या दिवशी त्या टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. कुठला कंटेनर कुणाचा, कुठे ठेवलाय, कुठल्या जहाजावर चढवायचाय, हे सांगणारी यंत्रणाच गेली. कामं हाताने करण्याची धडपड सुरू झाली.

हे सगळं ज्याने केलं, त्या मालवेअरला 'नॉटपेट्या' म्हणतात. त्याचा उगम युक्रेनमध्ये होता. तिथल्या व्यापाऱ्यांमध्ये कराचा हिशेब भरण्यासाठी एक सॉफ्टवेअर प्रचलित होतं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच हे विष मिसळलं. म्हणजे लोकांनी चोरीचं काही उतरवलं नव्हतं, भलतीसलती लिंक दाबली नव्हती. कर भरायचं सॉफ्टवेअर, रीतसर अपडेट.

एकदा एका कॉम्प्युटरमध्ये शिरल्यावर ते पुढे कसं पसरलं, हा आपल्या विषयाचा गाभा. त्याच्याकडे दोन रस्ते होते. पहिला म्हणजे विंडोजमधली एक फट. मायक्रोसॉफ्टने ती मार्च २०१७मध्येच बुजवली होती, पण अनेकांनी ते अपडेट घेतलं नव्हतं. दुसरा रस्ता जास्त भयंकर. त्या कॉम्प्युटरवर कधी एखाद्या ॲडमिनने लॉगिन केलेलं असेल, तर त्याच्या ओळखीच्या खुणा मेमरीत शिल्लक असतात. नॉटपेट्या त्या उचलायचं आणि त्याच किल्लीने शेजारचे कॉम्प्युटर उघडायचं. शेजारच्या कॉम्प्युटरला सगळी अपडेट घातलेली असली तरी उपयोग नव्हता, कारण कुणी कुलूप फोडलंच नव्हतं. खऱ्या किल्लीने दार उघडलं होतं.

मर्स्कला सुमारे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. त्यांच्या जगभरातल्या खात्यांची यादी सांभाळणारे सर्व्हर एकामागोमाग एक गेले. एकच वाचला, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्यांनी यावर हसावं की काय करावं, कळत नाही.

रायगडचा विषय निघालाच आहे, तर हिरकणी आठवते. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले की ते कुणासाठीही उघडायचे नाहीत. घरी तान्हं बाळ असलेल्या आईसाठीही नाहीत. आख्यायिका सांगते की ती कडा उतरून घरी गेली आणि महाराजांनी तिचं कौतुक तर केलंच, शिवाय त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला. लहानपणी आपण या गोष्टीत आईची माया बघतो. आज मला त्यात चांगल्या कारभाराचे दोन नियम दिसतात. दरवाजाचा नियम समोरच्याचा चेहरा बघून बदलायचा नाही. आणि फट सापडली की ज्याने ती दाखवली त्याच्यावर न रागावता ती बुजवायची. परवानगीची चौकट हा तो दरवाजा, आणि दर महिन्याला येणारं अपडेट हा तो बुरूज.

बंदर, जहाजं ही मोठी उदाहरणं झाली. पण याच विषयाने आमच्या घरातलं एक नातं जवळजवळ तुटायला आलं होतं.

माझ्या मामांचं रिंग रोडच्या एका मार्केटमध्ये ड्रेस मटेरियलचं छोटं दुकान आहे. आजोबा खानदेशातून लूमवर काम करायला आले, मामांनी हळूहळू स्वतःचं दुकान उभं केलं. दुकानात मामा, दोन पोरं आणि हिशेब बघणारे मेहताजी. मेहताजी वीस वर्षं मामांकडे आहेत. जीएसटी आला तसा दुकानात कॉम्प्युटर आला. तो बसवणाऱ्या माणसाने एकच खातं तयार केलं, नाव 'ॲडमिन', पासवर्ड नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर सुरू करताना सारखी चौकट यायची म्हणून त्याने ती चौकटच बंद करून टाकली. "आता कटकट नाही," असं सांगून तो गेला. मामा, मेहताजी, कुरिअरची पावती काढणारा पोरगा, सगळे त्याच खात्यावर.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या ऐन सीझनमध्ये, मेहताजींनी ईमेलमधून आलेली एक फाइल उघडली. पार्टीने पैसे भरल्याचा तपशील आहे असं वरती लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाइल उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची मागणी.

मी संध्याकाळी पोहोचले तेव्हा मामा गल्ल्यावर मान खाली घालून बसले होते. मेहताजी बाहेर, पायरीवर. मामेभाऊ माझ्या कानात म्हणाला, "ताई, बाबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय."

कॉम्प्युटर तपासला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. त्या फाइलने आधी अँटीव्हायरस बंद केला होता. मग विंडोज स्वतःहून फाइलींच्या जुन्या प्रती राखून ठेवते, त्या पुसल्या. बॅकअपची डिस्क कायम जोडलेलीच होती, तीही कुलूपबंद केली. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना ॲडमिनचा अधिकार लागतो. तो अधिकार त्या फाइलला मेहताजींनी दिला नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कारण विचारणारी चौकट सात वर्षांपूर्वीच बंद झाली होती.

मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही मेहताजींना तिजोरीची किल्ली दिली आहे का?"

"नाही. ती माझ्याकडेच असते."

"अविश्वास आहे म्हणून?"

"छे गं! उद्या काही कमी-जास्त झालं तर त्यांच्यावर आळ नको, म्हणून."

"मग कॉम्प्युटरवर त्यांना सगळ्या किल्ल्या का दिल्या?"

मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले, बाहेर गेले आणि मेहताजींना चहाला आत घेऊन आले.

खंडणी दिली नाही, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग हिशेब परत बांधायला बसलो. सीएंच्या ऑफिसात जुनी प्रत होती. नंतरच्या विक्रीची बरीच बिलं जीएसटीच्या पोर्टलवर मिळाली, चेकने आलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटवरून. पण कुणी किती माल परत केला, कुणाला किती वटाव कापून दिला, कुणाची उधारी किती उरली, हे कुठल्याच पोर्टलवर नसतं. ते मेहताजींच्या डोक्यात आणि त्यांच्या खिशातल्या छोट्या वहीत होतं. ज्या माणसाला घरी पाठवायला निघाले होते, त्याच्याच आठवणीवर दुकान उभं राहिलं. काही पार्ट्यांनी स्वतःहून आपल्याकडचे खाते-उतारे पाठवले. काहींनी संधी साधली. पण मेहताजी आजही आहेत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

कमी अधिकार म्हणजे अपमान नव्हे, हे त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना उमगलं. आपल्याकडे अधिकार कमी झाला की प्रतिष्ठा कमी झाली असं वाटतं. "मी मालक, मलाच पासवर्ड विचारतो?" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. पण ज्याच्या हातात किल्लीच नाही, त्याच्याकडून ती कुणी हिसकावून घेऊ शकत नाही आणि त्याच्यावर ठपकाही येत नाही. मी स्वतः कॉम्प्युटरचंच काम करते, तरी माझं रोजचं खातं साधंच आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. साधं खातं म्हणजे अभेद्य कवच नाही. मेहताजींचं खातं साधं असतं तरी त्यांना ज्या फाइली उघडता येतात, त्या मालवेअरला बिघडवता आल्याच असत्या. तुमचे फोटो बिघडवायला ॲडमिन व्हावं लागत नाही, तुम्ही असणं पुरतं. फरक पडला असता तो पुढच्या गोष्टीत. अँटीव्हायरस सहजी बंद झाला नसता, जुन्या प्रती शिल्लक राहिल्या असत्या आणि आग एका खोलीत थांबण्याची शक्यता वाढली असती. म्हणून अधिकार, अपडेट आणि बॅकअप ही तिन्ही कामं जोडीने करावी लागतात.

फोनवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे. अँड्रॉइड लिनक्सवर उभं आहे. त्यात प्रत्येक ॲपला एक स्वतंत्र भाडेकरू मानतात. एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. म्हणून तुमच्या बँकेच्या ॲपमधला मजकूर गेमच्या ॲपला दिसत नाही. हे भाडेकरूंमधले दरवाजे भक्कम असल्यामुळेच चोरटे आता तुमच्याकडूनच किल्ली मागतात. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एपीके फाइल येते. उघडली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, कधी 'ॲक्सेसिबिलिटी'ची. ही दुसरी सोय दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. ती मिळालेल्या ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. लग्नपत्रिकेला तुमचे एसएमएस कशाला वाचायचे असतात, एवढा एक प्रश्न आजी-आजोबांना विचारायला शिकवा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, ॲप म्हणून येत नाही.

आता तरुण मंडळींसाठी गृहपाठ. एका रविवारी तासाभरात होईल.

पहिलं, घरातल्या किंवा दुकानातल्या विंडोज कॉम्प्युटरवर एक वेगळं ॲडमिन खातं तयार करा आणि त्याला चांगला पासवर्ड द्या. त्या खात्याने एकदा लॉगिन होतंय याची खात्री करा. मगच सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन रोजचं खातं 'स्टँडर्ड' करा. हा क्रम उलटा करू नका. पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवला तरी चालेल, कॉम्प्युटरला चिकटवू नका.

दुसरं, परवानगीची चौकट कुणी बंद केली असेल तर सुरू करा. स्टँडर्ड खात्यावर ती नुसतं 'येस' विचारत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागते. तो टाइप करायला लागणारे चार सेकंद विचार करायला पुरेसे असतात. चौकटीत बनवणाऱ्याचं नाव असतं, ते वाचा. नाव अनोळखी असेल, किंवा तुम्ही काहीच बसवत नसताना चौकट आली असेल, तर 'नो'. 'नो' दाबल्याने कॉम्प्युटर बिघडत नाही.

तिसरं, एखादं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय चालत नसेल, तर दुरुस्तीवाल्याला सांगा की फक्त त्याच्या फोल्डरपुरता अधिकार दे, माणसाला सगळा नको. हे बहुतेक वेळा जमतं. तो टाळाटाळ करेल, तरी तुम्ही हट्ट सोडू नका.

चौथं, बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा.

मामांच्या दुकानात आता तीन खाती आहेत. ॲडमिनचा पासवर्ड एका पाकिटात, तिजोरीत, मामांच्या किल्लीखाली. दिवाळीला चोपडापूजनात वहीशेजारी लॅपटॉप ठेवतात, त्यालाही हळदकुंकू लागतं. गेल्या वर्षी मेहताजींनी बॅकअपची डिस्कसुद्धा पूजेत ठेवली. पूजा झाल्यावर केबल न जोडता ती परत कपाटात ठेवून दिली.